तेरा शनिवार

(मार्च १९५४. नागभीडपासून दोन कोसांवरच्या एका गावातली तलावाची पाळ. शनिवार, दुपारचे अडीच. अंबुलकर हे नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर; घनश्याम त्यांचा इंटर सायन्सचा विद्यार्थी; गुणाबाई त्याची आई.)

अंबुलकर : काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी छोटी गाडी नागपूर स्टेशनात आली. पार्सलचा डबा उघडला. टोपली नव्हती. एवढंच विचारायला मी इथवर आलो, बाई. टोपली का नव्हती?

गुणाबाई : पानी घ्या आधी, मास्तर.

अंबुलकर : पाणी राहू द्या हो.

गुणाबाई : घ्या. दोन कोस उन्हातून आले. भांडाचं आहे तं गळा ओला पाहिजे.

अंबुलकर : मी भांडायला नाही आलो. सोमवारी आठ वाजता परीक्षेचं प्रॅक्टिकल आहे. बाहेरचे परीक्षक येणार. साठ मुलं, साठ बेडूक. आमच्या टाकीत आज एकसुद्धा नाही. मी घनश्यामला कार्ड टाकलं होतं.

गुणाबाई : आलं कार्ड. बुधवारी आलं. यानं मले दोनदा वाचून दाखवलं. साठ पाह्यजे, मोठे पाह्यजे, जित्ते पाह्यजे, शुक्रवारच्या गाडीले पाह्यजे. खाली तुमचं नाव. मी म्हनलं, उलटं करून पाय, मांगं काही असंन. मांगं आमचा पत्ता होता.

अंबुलकर : मागे काय असायला हवं होतं?

गुणाबाई : सोमवारी तुमच्या कालेजात यादी लागली न? परीक्षेले कोनाले बसू देत नाई त्याची?

अंबुलकर : लागली.

गुणाबाई : त्यात माह्या पोराचं नाव. अन् दुसऱ्या दिवशी तुमी त्यालेच कार्ड लिवता का बेडकं पाठव! यादीचा एक शबद नाई. 'घनशाम, वाईट झालं' इतकं लिवाले किती शाई लागते वो मास्तर?

अंबुलकर : यादी मी लावत नाही, बाई. हजेरी शेकडा पंच्याहत्तर लागते. रसायनाच्या प्रॅक्टिकलला याची कमी पडली. नियम आहे तो.

गुणाबाई : काऊन कमी पडली?

घनश्याम : माय, मी बोलतो.

गुणाबाई : तू थांब. मास्तरले बोलू दे. काऊन कमी पडली?

अंबुलकर : तो गैरहजर राहिला म्हणून.

गुणाबाई : कुठी होता तो?

घनश्याम : सर, रसायनाचं प्रॅक्टिकल शनिवारी अकरा ते दोन. वर्षात सव्वीस झाले. मी बारा केले, चौदा चुकले. त्यातला एक माझ्या तापाचा आहे, तो मी मागत नाही. तेरा तुमचे आहेत.

अंबुलकर : तेरा नसतील रे. सात-आठ असतील.

घनश्याम : वही आहे. वाचू?

अंबुलकर : कसली वही?

घनश्याम : निरीक्षणाची. तुम्हीच पहिल्या तासाला सांगितलं होतं, तारीख, वेळ, जागा, पाण्याची स्थिती लिहिल्याशिवाय नमुना आणू नका म्हणून. एक ऑगस्ट, शिंपले बावीस, खेकडे चौदा, पाणी गढूळ. चौदा नोव्हेंबर, बेडूक चाळीस, त्यात माद्या सतरा. नऊ जानेवारी, बेडूक अठ्ठावीस, पाळीखालच्या पाझरातून खणून काढले. वीस फेब्रुवारी...

अंबुलकर : पुरे.

घनश्याम : वीस फेब्रुवारीला तुम्ही म्हणाला होता, मोठे आण, मागच्यांच्या नसा दिसत नव्हत्या.

अंबुलकर : पुरे म्हटलं ना.

गुणाबाई : शुक्रवारी चारच्या गाडीत बसे. दहाले नागभीडले उतरे, तिथून पायी. उजाडलं का चिखलात. सांजच्या गाडीनं वापस. भाकर गाडीत खाये. मी गावातल्या म्हाताऱ्या बुडग्यायले सांगो, माहा पोरगा डाक्टरकी शिकून राह्यला. बुडगे म्हनत, तो तं बेडकं धरून राह्यला, बाई. मी त्यायलेच उलटून बोलो. आता कोन्या तोंडानं बोलू?

अंबुलकर : सगळ्या वर्गासाठी करत होता तो. मी काही माझ्या घरी नेले नाहीत बेडूक.

गुणाबाई : मंग सारा वर्ग काऊन नाई आला चिखलात?

अंबुलकर : कारण कोणाला जमत नाही! मार्चमध्ये बेडूक कुठे मिळतो? आमचा प्रयोगशाळेचा गडी चार दिवस हिंडून तीन घेऊन आला, तेही मेलेले. घनश्यामला ठाऊक असतं ते कुठल्या ओलीत बसतात. मी त्याच्यावर भरवसा टाकला, यात माझं काय चुकलं?

घनश्याम : भरवसा मीही टाकला, सर. जुलैमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, शनिवारच्या हजेरीचं काय? तुम्ही म्हणालात, हजेरीचं मी पाहतो, तू जा.

अंबुलकर : ते मी माझ्या विषयाचं म्हणालो. रसायनाचं रजिस्टर माझ्या हातात कसं असेल?

घनश्याम : माझा तुमच्या विषयाचा तास शनिवारी नसतोच. मग कोणत्या हजेरीचं बोललात?

अंबुलकर : तू तेव्हाच लेखी घ्यायचं होतंस. इंटरपर्यंत आलेल्या मुलाला एवढं कळू नये?

गुणाबाई : थांबा. हे आता मले सांगू द्या. आमच्या इथी मोठं जाळं बारा घराचं आहे. जाळं ओढते तेव्हा बारा मानसं लागते. त्यातला एक जंगलात गेला, येनाच्या झाडाची साल आनाले, जाळं रंगवाले लागते ती. कोनी नागभीडच्या बजारात मासोळी घेऊन गेला. तं वाटे पाडताना त्यायचे वाटे पडते का नाई?

अंबुलकर : पडत असतील.

गुणाबाई : पुरे पडते. जाळ्याच्या कामानं गेलेला मानूस हजर धरते. कोनी लिवून देत नाई, कोनी लिवून मांगत नाई. मांगलं तं लोकं थुकतीन त्याच्या तोंडावर. माह्या पोराले वाटलं, कालेज बी असंच असंन. कालेजच्या कामानं गेलो, तं हजर आहो. इतकी शिकली मानसं, आमच्याऊन हलकं वागतीन असं कोनाले वाटंन?

अंबुलकर : कॉलेज म्हणजे जाळं नव्हे, बाई.

गुणाबाई : नाई तं नाई. जाळ्यात निदान भोकं दिसते.

घनश्याम : सर, प्राचार्यांनी मला मंगळवारी बोलावलं. म्हणाले, हा अभ्यास जड आहे, तुमच्याकडच्या मुलांना झेपत नाही, वर्ष सोडून दे आणि आर्ट्सला ये. मला त्याचा राग आला. अजून आहे. फिजिक्सची हजेरी चोवीसपैकी चोवीस. वनस्पतिशास्त्राची जर्नल वर्गात सर्वांत आधी सही होऊन माझी आली. इंग्रजीचे निबंध मी गाडीत लिहिले, अक्षर हलतं म्हणून सर ओरडले, गुण कापले नाहीत. प्राणिशास्त्राच्या चाचणीत बेडकाच्या मेंदूच्या दहाही नसा मी सोडवल्या. तुम्ही माझी थाळी सगळ्यांना फिरवून दाखवली. ह्यातलं मला काय झेपलं नाही?

अंबुलकर : अभ्यास तुला झेपतो. मी कधी नाही म्हटलं?

घनश्याम : प्राचार्यांसमोर म्हटलंत का?

अंबुलकर : मी तिथे नव्हतो.

गुणाबाई : रसायन तं यानं माह्या चुलीत केलं. एकदा चुलीत मीठ टाकून राह्यला. मी म्हनलं, येडा झाला का? म्हने, पाय, जाळ पिवळा झाला. मंग तांब्याची तार घातली, जाळ हिरवा. मंग माह्या पानाच्या डब्यातला चुना...

घनश्याम : चुन्याचा रंग आला नाही. त्याला आधी ॲसिड लागतं. ते घरी कुठलं?

गुणाबाई : ऐका. प्रयोगाच्या वक्ताले तुमची टोपली उचलून राह्यला अन् चुना माहा गेला.

घनश्याम : सर, सडक्या अंड्यांच्या वासाचा तो गॅस असतो ना, हायड्रोजन सल्फाइड, त्याच्यावर मी पाच पानं लिहू शकतो. वास दोनदाच घेतला आहे.

अंबुलकर : हे बघ, मी काहीच केलं नाही असं नाही. रसायनाच्या प्रोफेसरांशी बोललो. म्हटलं, मुलगा हुशार आहे, काही करता येईल का. ते म्हणाले, हुशार आहे तर पुढच्या वर्षी बसेल.

घनश्याम : पुढच्या वर्षी वसतिगृहात राहता येत नाही. नाव कटलं की खोली दुसऱ्याला. वसतिगृह नाही तर नागपूर नाही, नागपूर नाही तर मेडिकलचा अर्ज नाही. जूनमध्ये अर्ज, त्याला इंटरची गुणपत्रिका जोडावी लागते. हे तुम्हाला ठाऊक आहे, सर. अर्जाचा नमुना तुम्हीच आणून दिला होता.

गुणाबाई : मास्तर, एक विचारते. त्या परफेसरले तुमी सांगतलं का, का पोराले शनिवारी मीच धाडत होतो म्हनून?

अंबुलकर : मी म्हटलं, मुलगा हुशार आहे...

गुणाबाई : ते झालं. हे सांगतलं का?

अंबुलकर : बाई, तिथलं तुम्हाला समजायचं नाही.

गुणाबाई : मले बेडूक कुठी बसते ते समजते, मानूस कुठी बसते ते बी समजते. सांगतलं का?

अंबुलकर : नाही.

गुणाबाई : प्राचार्याले?

अंबुलकर : नाही. कोणालाच नाही. झालं समाधान? नमुने आणणं गड्याचं काम आहे. कागदावर तोच आणतो. विद्यार्थ्याला तास बुडवून पाठवलं हे कळलं तर विभागप्रमुख मला विचारतील. माझी नेमणूक तात्पुरती आहे, एप्रिलअखेर संपते. पुन्हा घ्यायचं की नाही ते त्यांच्या हातात. मागच्या मार्चमध्ये बेडूक मिळाले नाहीत, प्रॅक्टिकल दोन दिवस पुढे गेलं, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांसमोर काय ऐकवलं ते मला माहीत आहे. म्हणून मी याला पाठवलं. मजा म्हणून नाही.

गुणाबाई : तुमची नोकरी गेली तं इथी या. बाराचे तेरा वाटे करू. चिखलात उतरा लागंन फकत.

घनश्याम : माय!

गुणाबाई : काय माय? खोटं बोलली का मी? हा बाप्पा आपली चाकरी वाचवाले तुह्या वर्सावर बसला अन् तू मले दटावतं? तुहा बाप अहेरीकडं बांबू तोडून राह्यला. त्याले काय सांगू? पोरगा पास झाला का नापास झाला? तो तं दोन्हीतही नाई!

अंबुलकर : बाई, मला दोष द्या. पण साठ मुलांचा काय दोष? सोमवारी बेडूक नसले तर त्यांचीही परीक्षा अडेल.

गुणाबाई : अडू द्या. आमची अडली तेव्हा कोन आलं?

घनश्याम : अडणार नाही. बेडूक आहेत.

गुणाबाई : काय?

घनश्याम : चौसष्ट आहेत. पाझराजवळच्या खड्ड्यात, ओल्या गवताखाली. गुरुवारी पहाटे धरले.

गुणाबाई : अन् मले म्हने, मिळाले नाई! मी दोन दिवस पाळीवर पाहारा करून राह्यली का हा मास्तर येऊन घेऊन नाई गेला पाह्यजे. अन् पोरानं माह्याच नाकाखाली धरून ठेवले! कोनासाठी? ज्यायनं तुले यादीत टाकलं त्यायच्यासाठी?

घनश्याम : यादीत टाकलं त्यांच्यासाठी नाही. डोमा आहे वर्गात, त्यानं मला वर्षभर रसायनाची जर्नल उतरवू दिली. तो सोमवारी बसतो आहे. त्याच्या थाळीत बेडूक नको?

अंबुलकर : मग गाडीत का नाही टाकलेस? मी काल स्टेशनवर वेड्यासारखा उभा होतो!

घनश्याम : टाकले असते तर टोपली पोचली असती आणि कोणी आलं नसतं. कोणीतरी यावं म्हणून नाही टाकले.

अंबुलकर : म्हणजे मला इथे आणलंस तू.

घनश्याम : हो.

अंबुलकर : मला वाटलं होतं, तू साधा मुलगा आहेस.

घनश्याम : होतो, सर. यादी लागेपर्यंत.

अंबुलकर : बरं. आता काय? मी लिहून दिल्याशिवाय बेडूक नाही?

घनश्याम : बेडूक न्या. लिहून द्या किंवा देऊ नका. पण तेरा शनिवार मी कुठे होतो, ते माझ्या तोंडावर सांगून जा. मग गाडी गाठा.

गुणाबाई : न्या म्हने! तलाव काय याच्या बापाचा आहे? बारा घराचा आहे. मी बारा घराच्या वतीनं सांगते. कागदाबिगर एक बेडूक इथून हालनार नाई. मी खड्ड्यावर बसते जाऊन, उचला मले.

घनश्याम : माय, असं करून मिळालेल्या कागदाला ते काय किंमत देतील?

गुणाबाई : अन् गोड बोलून मिळालेला बोल होता न तुह्याजवळ? हजेरीचं मी पाहतो! त्याले काय किंमत आली? मास्तर, पाचची गाडी आहे. इथून चालाले दीड घंटा. हिशेब तुमचा तुमी करा.

अंबुलकर : कागद द्या. दौत आहे का?

घनश्याम : पेन आहे. घ्या.

अंबुलकर : हं. घे, झालं. वाच.

घनश्याम : 'घनश्याम वारलू हा विद्यार्थी अत्यंत कष्टाळू, नम्र व सदाचारी असून त्याने विभागाच्या कामात वेळोवेळी उत्साहाने सहकार्य केले आहे. काही अपरिहार्य कारणांमुळे त्याची हजेरी कमी भरली. त्याचा सहानुभूतीने विचार व्हावा, ही विनंती.'

गुणाबाई : पुन्हा वाच.

घनश्याम : माय, वेळ...

गुणाबाई : वाच म्हनलं न.

घनश्याम : '...अपरिहार्य कारणांमुळे त्याची हजेरी कमी भरली. त्याचा सहानुभूतीने विचार व्हावा...'

गुणाबाई : ह्यात तुमी कुठी आहा, मास्तर?

अंबुलकर : खाली सही आहे की माझी.

गुणाबाई : सही खाली आहे. वरती कुठी आहा? हा कष्टाळू आहे, हा नम्र आहे, हजेरी याची कमी भरली. धाडनारा कोन? पोरगा आपल्या मनानं तलावात जाऊन पडे का? मी दया नाई मांगून राह्यली. हा हजर होता, इतकं लिवा.

अंबुलकर : तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं.

गुणाबाई : मी जाळं शिवते, मास्तर. कोनाचं कपाळ फुटलं तरी मलेच बोलवते, सुई हातात असते म्हनून. नागभीडचा कंपौंडर येईवरी तो मानूस तसाच पडून राह्यते. याले डाक्टर काऊन व्हाचं आहे, कधी विचारलं का तुमी? बेडकं तेवढे विचारले.

अंबुलकर : दुसरा कागद दे.

घनश्याम : हा घ्या.

अंबुलकर : तारखा सांग. सावकाश.

घनश्याम : एक ऑगस्ट. बावीस ऑगस्ट. बारा सप्टेंबर...

अंबुलकर : पुढे.

घनश्याम : तीन ऑक्टोबर, दहा ऑक्टोबर. चौदा नोव्हेंबर. अठ्ठावीस नोव्हेंबर. बारा डिसेंबर. नऊ जानेवारी, तेवीस जानेवारी. सहा फेब्रुवारी, वीस फेब्रुवारी. सहा मार्च. झाले तेरा.

अंबुलकर : आता ऐका, बाई. 'वरील तेरा शनिवारी सदर विद्यार्थ्यास प्रयोगशाळेसाठी नमुने आणण्याकरिता मी स्वतः बाहेरगावी पाठवले होते. त्या दिवसांची त्याची रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधील अनुपस्थिती माझ्या सांगण्यावरून झालेली आहे. हजेरीची व्यवस्था करतो असे मी त्यास तोंडी सांगितले होते व ती मी केली नाही.' सही. तारीख. आता आहे का मी वरती?

गुणाबाई : आहा.

अंबुलकर : एप्रिलनंतर कुठे असेन, ते माहीत नाही.

गुणाबाई : हा बी तेच म्हनते, सोमवारपासून.

घनश्याम : सर, हा कागद पाहून प्राचार्य काय करू शकतात?

अंबुलकर : त्यांनी मनात आणलं तर विद्यापीठाला तार करून ऐनवेळी परवानगी मागता येते. चार वर्षांपूर्वी एकाला मिळाली होती. तो विभागप्रमुखांचा भाचा होता. पण मिळाली होती.

गुणाबाई : कागदाच्या दोन नकला करा. एक याच्या खिशात.

अंबुलकर : बाई, सव्वातीन होऊन गेले.

गुणाबाई : पोरगा लिवते भरभर. तुमी सही करा फकत. जा रे, आधी टोपली भर. गवत ओलं कर नीट, वरून फडकं बांध.

घनश्याम : मीही येतो, सर. टोपली तुमच्याने दोन कोस उचलवणार नाही. ॲप्रन आणि कात्रीची पेटी घेतली आहे.

अंबुलकर : ये. पण एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली. सांगितली असती तर तुम्ही मला हे लिहू दिलं असतं की नाही, कोण जाणे. प्राचार्य गावाला गेले आहेत, लग्नाला. उद्या नाहीत. सोमवारी सकाळी दहाच्या गाडीनं येणार.

घनश्याम : प्रॅक्टिकल आठला आहे.

अंबुलकर : हो.

घनश्याम : एकदा दार बंद झालं की मध्ये कोणाला घेत नाहीत.

अंबुलकर : सहसा घेत नाहीत. परीक्षक बाहेरचे आहेत, त्यांच्या मनात काय येईल ते मी सांगू शकत नाही. मी आठलाच त्यांना कागद दाखवीन. ते पाहतील का, तेही सांगू शकत नाही.

गुणाबाई : मंग आठपासून दहावरी हा कुठी राहीन?

अंबुलकर : प्रयोगशाळेच्या बाहेर एक बाक आहे, बाई.